एकटी बाई कुठून आणायची

११ जानेवारी

आज मला मुख्य भूमिका मिळाली आणि ही बातमी मी सगळ्यात आधी दूधवाल्याला सांगितली. फोन ठेवला तेव्हा तो नेमका दारात उभा होता. "वा वा," तो म्हणाला, "म्हणजे उद्यापासून एक लिटर ठेवू?" मी म्हटलं, नको, अर्धाच.

मग धाकट्या भावाला फोन केला. तो गाडी चालवत होता. मी फोन करते तेव्हा तो नेहमी गाडीच चालवत असतो. "मस्त गं ताई! किती दिवसांचं काम?" अरे, मुख्य भूमिका आहे, पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत मीच आहे. "हो ना, तेच विचारतोय, किती दिवस?" तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि "करतो तुला नंतर" म्हणून त्याने फोन ठेवला.

डायरी मी काम असलं की लिहिते. एरवी लिहिण्यासारखं काही घडत नाही. मागची नोंद गेल्या उन्हाळ्यातली आहे: "सासू. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी मेले."

चाळीस वर्षांत मी काय काय झाले! तुरुंगाची अधीक्षक, दाई, राणीची दासी आणि एकदा चक्क राणी, गुंडाची आई, न्यायाधीश, मुकी मोलकरीण, वेडी. सासवा तर विचारूच नका. लोक मला ओळखतात, पण सिनेमातली म्हणून नाही. केमिस्ट म्हणतो, तुम्ही पूर्वी नर्स होतात ना? बँकेतली मुलगी म्हणते, तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. मी दोघांनाही हो म्हणते. मेकअपदादा म्हणतो, "ताई, तुमचा चेहरा म्हणजे कोरी भिंत. काहीही चिकटवा, धरून ठेवते." त्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

भूमिका एका एकट्या बाईची आहे. नाव नाही. संवाद फार कमी.

१४ जानेवारी

दिग्दर्शिका घरी येऊन गेली. पस्तिशीच्या आतली, बारीक कापलेले केस, पाठीवर पिशवी. मी तिला मनातल्या मनात पोर म्हणते. बोलते कमी, बघते फार.

आल्याआल्या आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "कुणी आहे का आत?"

"छे, रेडिओ आहे. चोरांसाठी. घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून."

"चोरांना," ती म्हणाली.

"हो."

आमचे हे सिनेमाला आवाज भरायचे, म्हणजे साउंड रेकॉर्डिस्ट होते. ते असताना घरात रेडिओची सोयच नव्हती. पंखासुद्धा बंद कर म्हणायचे, त्यांना त्याचा सूर टोचायचा. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आता मी मनसोक्त लावते.

पोर सगळं घर फिरली. स्वयंपाकघरातलं टेबल पाहिलं, एक खुर्ची माझी आणि दुसरीवर वर्तमानपत्रांची रास. मी म्हटलं, थांब, रास उचलते. तर म्हणाली, "नको ताई, राहू दे. स्टुडिओत असंच घर बांधायचंय. अगदी असंच." बरं वाटलं. टापटीप आवडली तिला.

मी तयारीचं विचारलं. काय वाचू, कुणाला भेटू, कसली चाल बसवू?

"काही करू नका. तुम्ही फक्त असा."

"फक्त असा म्हणजे?"

"जशा आहात तशा."

हल्लीच्या मुलांना वाटतं, अभिनय म्हणजे नळ आहे, सोडला की येतो. निघताना दारात थांबून म्हणाली, "ताई, कंटाळा नाही ना येत तुम्हाला?" मला? मला वेळच नसतो, मी म्हटलं. ती गेली तेव्हा अकरा वाजत होते. पुढचा अख्खा दिवस पडला होता.

२० जानेवारी

मोठी अडचण आहे. माझ्या पदरचं मी आजवर काहीच केलेलं नाही. सगळं उसनं. दाईची चाल आमच्या भाजीवालीची. गुंडाच्या आईचा खोकला सासऱ्यांचा, अगदी शेवटच्या शिट्टीसकट. न्यायाधीश बसते ती तऱ्हा आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंची. राणीसाठी मी पहिल्या घरमालकिणीला उचललं, ती जिना उतरायची तेव्हा जिनाच तिच्या पायाखाली यायला धडपडतोय असं वाटायचं. मुकी मोलकरीण समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची. तिला पत्ताही नव्हता की तिचा कपडे झटकायचा झटका मी तीन सिनेमांत वापरला.

एकटी बाई कुठून आणायची? माझ्या पाहण्यात तशी कुणी नाही. भावजयीच्या घरात सकाळपासून गोंधळ. मेकअपदादाची बायको बोलायला लागली की थांबत नाही.

आज जिन्यात एकदम उलगडलं. तळमजल्यावरची चष्मेवाली! नवऱ्याबरोबर चष्म्याचं दुकान चालवायची, तो गेल्यावर दुकान बंद केलं. मुलगी लग्न होऊन लांब. वय माझ्याएवढंच. इतकी वर्षं एका इमारतीत राहतोय आणि मी तिच्याशी कधी धड बोललेही नाही. आज ती दाराबाहेरच्या कुंडीला पाणी घालत होती. एकटीच. बिचारी.

२३ जानेवारी

निमित्त हवं होतं म्हणून चष्म्याचा स्क्रू सुरीच्या टोकाने सैल केला आणि खाली गेले.

"या की," चष्मेवाली म्हणाली, "नेहमी वरून नुसती पावलं ऐकू येतात, आज माणूस आलं." टेबलावर फडकं अंथरून तिने बारीक पेचकस काढला. हात अगदी स्थिर. स्क्रूकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पिळला. काच फडक्याने पुसून उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून. ही लकब घेण्यासारखी आहे. मग रुमालाची चौकोनी घडी घालून त्यावर चष्मा ठेवून असा पुढे केला की जणू दागिना.

"वाचताना मान मागे नेता का?" तिने विचारलं.

"थोडीशी."

"मग नंबर वाढलाय. येत जा, तपासू सावकाश."

'येत जा' म्हणाली. माणसाला भुकेली असतात अशी माणसं.

३१ जानेवारी

आठवडाभर जाते आहे. टिपणं: गुणगुणते, पण गाणं पूर्ण म्हणत नाही. कुंडीशी बोलते. चहा बशीत ओतते, मग हसते आणि परत कपात ओतते. मला आता अगं-तुगं करायला लागली आहे, मीही. "अगं, तू ती तुरुंगातली ना? माझ्या नवऱ्याला तुझी भीती वाटायची," म्हणाली. मी विचारलं, कधी ओळखलंस? म्हणे, "तू राहायला आलीस तेव्हाच. पण तू कधी थांबलीच नाहीस."

मला हवं ते मात्र अजून हाती लागत नाही. ती एकटी असते तेव्हा काय करते ते मला दिसणार कसं? मी गेले की ती एकटी नसते.

६ फेब्रुवारी

आज तिच्याकडे तीन बायका आल्या होत्या, पत्ते खेळायला. दर आठवड्याला येतात म्हणे. एक शिंपीण, एक जुनी गिऱ्हाईक आणि एक बँकेतून निवृत्त झालेली. केवढा आरडाओरडा! चष्मेवाली हुकूम लपवत होती आणि पकडली गेली की देवाशप्पथ म्हणत होती. किती ही धडपड. माणसं अशी गोळा करून आणावी लागतात, त्याशिवाय संध्याकाळ जात नाही बिचारीची.

मलाही बसवलं. मला खेळ येत नाही. तरी उशीर झाला निघायला.

१५ फेब्रुवारी

चष्मेवालीला मुलीचा फोन आला होता, ती तासभर बोलत होती. मी थांबले. फोनवर म्हणाली, "वरची मैत्रीण आलीये." मी लिहून ठेवते आहे. का ते माहीत नाही, भूमिकेत याचा उपयोग नाही.

२ मार्च

शूटिंग सुरू. स्टुडिओतलं घर पाहून क्षणभर चक्रावले. माझंच. टेबल, कपाट, खुर्चीवरची रास. फक्त छप्पर नाही आणि एक भिंत नाही.

पहिला सीन जेवणाचा. मी सगळी चष्मेवाली लावली. गुणगुणणं, रुमालाची घडी, पेला उजेडाकडे धरणं. इतकं नेटकं उतरलं की मेकअपदादाने लांबून अंगठा दाखवला.

"कट," पोर म्हणाली. जवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, ही कोण?"

"ही तीच. एकटी बाई."

"नाही. ही बाई मजेत आहे."

"ती दुःख लपवते आहे," मी म्हटलं.

"काही लपवत नाहीये. छान चाललंय हिचं."

चाळीस वर्षांत माझ्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढचे सगळे टेक मी कसेतरी दिले. घरी आले तर पाय खाली वळत होते, पण गेले नाही. काम सुरू झालं, आता चष्मेवालीकडे जाऊन काय करू? जे घ्यायचं ते घेऊन झालंय.

९ मार्च

आज काहीच झालं नाही. लाइटचा घोळ. पोर म्हणाली, "ताई, जरा बसून राहता का? फोकस ठरवलाय, उठून गेलात तर पुन्हा सगळं." म्हटलं, बसते. सगळे काळोखात कुठेतरी गेले. कुणाचा आवाज नाही. टेबल पुसलं, चहा केला. शेगडी खरी आहे, चहापत्तीही खरी. तासभर तरी गेला असेल. मग पोर आली, म्हणाली, आज पॅकअप, थँक्यू ताई, आणि हात हातात घेऊन उभी राहिली. डोळे लाल. लाइटवाल्यांवर ओरडून आली असणार.

एक सबंध दिवस वाया. निर्मात्याचं नुकसान वेगळंच.

१० मार्च

मेकअपदादा माझ्याकडे बघेना. कपाळाला पावडर लावायची तर भिंतीकडे बघत लावत होता. काय झालं विचारलं तर म्हणे, सर्दी. सर्दीने माणूस भिंतीकडे बघतो?

२२ मार्च

शूटिंग संपलं. केक घेऊन खाली गेले. दार उघडल्यावर चष्मेवाली आधी रागावलीच. "कुठे होतीस? मला वाटलं आजारी पडलीस. दोनदा वर येऊन गेले, कुलूप."

मी मनापासून आभार मानायला गेले होते, हे देवाला ठाऊक. म्हटलं, तुझ्यावाचून हे काम झालं नसतं. मग सगळं सांगत बसले. एकट्या बाईची भूमिका होती, कुणी सापडत नव्हती, मग तू दिसलीस. रुमालाची घडी कशी घेतली ते करूनही दाखवलं.

ती आधी हसली. "एकटी? मी?" मग हसू थांबलं. "म्हणजे तू मला बघायला यायचीस."

"बघायला म्हणजे, अगं, आमच्या कामात..."

"स्क्रूवर सुरीचा ओरखडा होता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, निमित्त काढून आलीये, बरं वाटतंय तिला इथे, येऊ दे. पत्त्यांच्या बायकांनाही सांगितलं, ती आली की हळू खेळा, तिला खेळ यायचाय." तिने केकचा डबा झाकून माझ्याकडे सरकवला. "मी आपली समजत होते, तुला माझ्याकडे यायला आवडतं."

मी डबा घेऊन वर आले. इथे लिहिताना सुचतंय, मला आवडत होतंच की. तेवढंच सांगायचं होतं. तिथे सुचलं नाही. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य असतं तर एका टेकमध्ये म्हटलं असतं.

३० मार्च

वर्तमानपत्रात माझ्यावर लेख आला. मथळा, 'उपेक्षित अभिनेत्रीला अखेर न्याय'. सोबत फोटो राणीचा. लिफ्टवाल्याला दाखवला तर म्हणाला, "कोण हो ही? देखणी आहे."

भावाला कात्रण पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

६ एप्रिल

खालून पत्त्यांचा आरडाओरडा येत होता. रेडिओ बंद करून ऐकला.

१२ एप्रिल

आज डबिंगला बोलावलं होतं. पोर म्हणाली, एकच शब्द आहे ताई, शूटिंगच्या वेळी आवाज नीट आला नाही. मी म्हटलं, एका शब्दासाठी रिक्षाभाडं? हसली नाही.

काळोखी खोली, समोर पडदा, कानाला हेडफोन. पडद्यावर ते स्वयंपाकघर आलं. एक बाई टेबल पुसत होती. पुसून झालेली जागा पुन्हा पुसत होती. चहा केला आणि कपापुढे बसून राहिली, प्यायली नाही. मग कुठूनतरी पावलं वाजली, सेटमागे कुणीतरी चाललं असेल. बाईने केस सारखे केले, ताठ बसली आणि चेहरा तयार केला. दुकानात गिऱ्हाईक येताना दिसलं की दुकानदार करतो तसा. पावलं लांब गेली. चेहरा तसाच तयार. बऱ्याच वेळाने तिने तो हळूहळू उतरवला. मग समोरच्या वर्तमानपत्रांच्या राशीकडे बघून, कुणीतरी काहीतरी म्हटल्यासारखं, ओठ हलले: "बरं."

तेवढाच शब्द.

"हा सीन मी केलेला नाही," मी म्हटलं.

पोर माझ्या शेजारी उभी होती. "त्या दिवशी लाइट गेले नव्हते, ताई."

मी हेडफोन काढून ठेवला. खूप बोलले. चाळीस वर्षं मी कॅमेऱ्यापुढे उभी आहे, एकदाही न कळवता कुणी माझ्याकडे बघितलेलं नाही, ही चोरी आहे, असं काय काय. पोरीने सगळं ऐकून घेतलं. "चोरीच आहे," म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर आत्ता, तुमच्यासमोर पुसून टाकते. पण तुम्ही बघितल्याशिवाय पुसायचं नव्हतं मला."

काही न सांगता घरी आले. जिन्यात मेकअपदादाचा फोन. "ताई, मला माहीत होतं. मी बोललो नाही. तुम्ही बसला होतात ना, मला बघवलं नाही हो." मी फोन ठेवला.

घरात रेडिओ चालू होता. कुणीतरी शेतीच्या बाजारभावांविषयी बोलत होतं. मी टेबलाशी बसले आणि हात कुठे ठेवायचे ते कळेना. कुठेही ठेवले तरी ते त्या बाईचे दिसत होते.

१३ एप्रिल

सकाळीच स्टुडिओ गाठला. सेट अजून मोडलेला नव्हता. पोरीला म्हटलं, "तो सीन मी पुन्हा करते. या वेळी मला माहीत असताना. तुला ती बाई हवीये ना? मी करून दाखवते. ते माझं काम आहे."

"करा," ती म्हणाली.

मेकअपदादाने केस बसवले. या वेळी माझ्याकडे बघत. एकच बट त्याने तीनदा विंचरली.

आणि मी केलं. आजवर किती जणांना उचललं, आज त्या बाईला उचललं. टेबल पुसणं, पुन्हा पुसणं, कप, पावलं, चेहरा तयार करणं, उतरवणं. एकही गोष्ट निसटली नाही. 'बरं' म्हणताना आवाजात थोडी भेग ठेवली. संपलं तेव्हा लाइटवाला मुंडासं काढून डोळे पुसत होता. मी उठून त्यांना मान लववली. अख्ख्या आयुष्यात याच्याइतकं चांगलं काम मी केलेलं नाही. हे मी माझ्याच डायरीत लिहिते आहे, तेव्हा खोटं कशाला लिहू?

मग पोरीने दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. आधी जुना, मग आजचा. मग पुन्हा जुना.

पोर माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम. तिचं मत चेहऱ्यावर दिसू नये म्हणून.

आजचा फार सुंदर आहे. आजच्या बाईची दया येते. जुन्या बाईची दया येत नाही, तिच्याकडे बघवतच नाही. मुद्दाम कुणाला असं करता येत नाही. मला सिनेमा कळतो, दुर्दैवाने.

"जुना ठेव," मी म्हटलं.

"नक्की, ताई?"

"दुसऱ्या कुणा बाईचे हे दोन टेक असते तर मी काय म्हटलं असतं? जुना ठेव."

राहिला तो एक शब्द. डबिंगला उभी राहिले. बरं. बरं. कधी जड, कधी हलकं, कधी नुसतं ओठांशी. एकही बसेना. चाळीस वर्षांत एका शब्दाला मी एवढे टेक दिलेले नाहीत. शेवटी साउंडवाला म्हणाला, "मूळचाच घेतो. खरखर आहे, पण तिचाच आहे." आमच्या ह्यांनीही तेच केलं असतं.

१६ मे

खाली चष्मेवालीच्या दाराखालून सिनेमाचा पास सरकवला. वर काही लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, पण जे सुचे ते संवादासारखं वाटे.

दिवसभर खालून काही निरोप नाही.

१९ मे

पहिला खेळ झाला. थिएटर भरलेलं. भाऊ आला नाही, त्याला बाहेरगावी जावं लागलं. भावजय आली, मध्यंतरात गेली, घरी सगळे खोळंबले होते. माझ्या उजवीकडे पोर आणि तिच्यापलीकडे मेकअपदादा. माझ्या डावीकडची खुर्ची चष्मेवालीची होती. ती रिकामीच राहिली.

तो सीन आला तेव्हा मी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघितलं. कुणी खोकलं नाही. कुणी मोबाइल काढला नाही. पुढच्या रांगेतली एक तरुण मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. बाई 'बरं' म्हणाली आणि थिएटरमध्ये इतकी शांतता झाली की आमच्या ह्यांना आवडली असती.

संपल्यावर गराडा. फुलं, फोटो. "कसं केलंत हो हे? किती खोल निरीक्षण!" एक म्हातारे समीक्षक माझा हात सोडेनात. "अशा बाया तुम्ही कुठे पाहिल्यात?" मी हसून म्हटलं, अवतीभवती असतातच की. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

गर्दी ओसरल्यावर बाहेर आले तर पायऱ्यांपाशी खांबाला टेकून चष्मेवाली उभी. हातात पर्स घट्ट धरलेली. ठेवणीतले कपडे.

"तुझी खुर्ची पुढे होती," मी म्हटलं.

"मागे बसले. तू मला कशी केलीयस ते बघायला आले होते. आवडलं नाही तर उठून जाता यावं म्हणून."

मी फुलं या हातातून त्या हातात घेतली.

"ती मी नाहीये," ती म्हणाली. आवाजात अजून राग होता. "शेवटपर्यंत शोधत होते. रुमालाची घडी नाही, काही नाही. मी अशी कधी बसत नाही. देवाच्या दयेने कधी बसलेही नाही."

"नाही. ती तू नाहीस."

"मग कोण आहे ती?"

मघापासून लोकांना किती उत्तरं दिली होती. निरीक्षण, मेहनत, दिग्दर्शिकेची दृष्टी. एखादं तिलाही देता आलं असतं. पायऱ्यांवर फुलं विकणारी बाई टोपली आवरत होती, तिच्याकडे बघत मी म्हटलं, "मी. मी अशीच बसते. वर. तुझ्या डोक्यावर."

तिने पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"आणि तुझ्याकडे मला आवडायचं," मी म्हटलं. "यायला. ते राहून गेलं होतं."

"हं," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "जेवलीस का?"

हा प्रश्न मला पुष्कळ लोक विचारतात. सेटवरचे, भाऊ, लिफ्टवाला. मी नेहमी हो म्हणते, जेवलेली असो वा नसो, म्हणजे पुढचं बोलणं उरत नाही.

"नाही," मी म्हटलं.